जावईबापूंची एकाच बाजूने पातळ फळी

"माणसाची पात्रता त्याच्या बॅटच्या फळीच्या जाडीवरून ओळखावी," असं आमच्या जावईबापूंनी जाहीर केलं आणि लगेच वाकून चेंडू शोधायला लागले. चेंडू त्यांच्याच टाचेखाली चेपलेला होता.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. मी ज्या कचेरीतून निवृत्त झालो, तिथली खुर्ची ते अजून उबवतात. तिथल्या टेबल टेनिसच्या संघाची निवड आजही माझ्याकडे आहे, कारण दुसरं कुणी ती फुकटात करायला तयार नाही. चारपैकी तीन जागा भरल्या होत्या. चौथीसाठी दोघं उरले, जावईबापू आणि टायपिस्ट मुलगी. जावईबापूंचं नोकरीतलं हे शेवटचं वर्ष. संघात त्यांना आजवर कुणी घेतलं नव्हतं. तरी यंदा निवड झाल्याचं त्यांनी सगळ्या नातेवाइकांना आधीच कळवून टाकलं होतं.

खेळाचं म्हणाल, तर त्यांना चेंडू पलीकडे ढकलता येतो. जाडीवर मात्र तासभर बोलता येतं. आणि पंचाईत अशी, की बोलतात ते बरोबर असतं. जाड फळी ताठ असते, चेंडू आदळला की सुटलाच. पातळ फळी किंचित लवते, चेंडूला क्षणभर धरून ठेवते, म्हणून फिरकी देता येते, ताबा राहतो. एवढं ज्ञान पाजळून त्यांनी घेतली ती दुकानातली सगळ्यात जाड.

"भारदस्त वाटते," म्हणाले. जणू सोफाच बघायला गेले होते.

त्या फळीने फोरहँडचा फटका बरा बसायचा, पण बॅकहँडने नुसतं ढकललं तरी चेंडू खिडकीतून बाहेर. यावर त्यांनी तोडगा काढला.

"दादा, फोरहँडला वेग हवा, बॅकहँडला ताबा. म्हणून मागचं काळं रबर सोलून तेवढीच बाजू पॉलिशपेपरने घासली, रबर परत चिकटवलं. मस्त पातळ झालीय."

"तेवढीच बाजू?"

"तेवढीच. पुढच्या बाजूला बोटसुद्धा लावलं नाही."

मी चष्मा पुसायला घेतला. निवड समितीने तटस्थ राहावं असा नियम आहे. तो मी त्याच क्षणी केला.

चौथ्या जागेसाठी दोघांचा सामना सुरू झाला. बॅकहँड खरोखरच सुधारला होता. जावईबापूंनी माझ्याकडे विजयी नजर टाकली. मग फोरहँड आला. खांद्यापासून हात फिरवून त्यांनी तडाखा दिला आणि चेंडू जाळीत जाऊन पडला, शर्टाचं बटण तुटून पडावं तसा. पुढचाही. त्याच्या पुढचाही.

"हवा दमट आहे आज," जावईबापू म्हणाले.

"काका, माझ्या बाजूलाही तीच हवा आहे," टायपिस्ट म्हणाली.

"अगं, पण ही बाजू जाड आहे!"

"कुठली?"

"ही, लाल. मी फक्त काळी घासलीय."

तिने टॉवेलात तोंड लपवलं. खांदे मात्र हलत होते. "काका, दार आतून तासलं, तर बाहेरून ते जाडच राहतं का हो?"

जावईबापूंनी बॅट डोळ्यांसमोर आडवी धरली. कडेने पाहिली. फिरवली, पुन्हा पाहिली. माणूस एवढ्या कष्टाने विचार करताना दिसला की त्याला मदत करावीशी वाटते. मला वाटली नाही. उरलेला गेम ते बॅट उलटी धरून खेळले. न जाणो, जाडी तिकडे सरकली असेल.

सरकली नव्हती.

"दादा, हा माझा पराभव समजू नका," हरल्यावर ते छाती काढून म्हणाले. "सिद्धांत शाबूत आहे. लाकडाने दगा दिला. या संघात विचार करणाऱ्याला जागा नसेल, तर मलाही अशा जागेची हाव नाही!"

"बरं. मग चौथी जागा तिची," मी म्हणालो.

ते काही वेळ लाल रबराचा कोपरा नखाने उचकटत बसले. मग इकडेतिकडे पाहून माझ्या कानाशी आले.

"दादा, संघाचे टी-शर्ट सांगाल ना, तेव्हा एक जास्तीचा सांगा. पोटाला जरा सैल."