पोस्टरवरचा हात

सिनेमा शिकवणाऱ्या बाईंनी मी केलेलं एका सिनेमाचं पोस्टर पडद्यावर लावलं आणि मला पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसवलं.

"निळ्या काचेवर टेकलेला एवढा एकच हात," त्या मुलांना म्हणाल्या. "बोटांवर थेंब आहेत, ते अश्रू. आणि हे बिनअंगठीचं बोट बघा. अख्खा सिनेमा या बोटात आहे."

मी मान डोलावली. अश्रू कसले डोंबलाचे, साबणाचं पाणी होतं ते. मॉडेल ऐनवेळी आली नाही, म्हणून मी बायकोला भांडी घासताना उठवून खिडकीशी उभं केलं होतं. "आटप लवकर, नळ चालू आहे," म्हणाली होती. सिनेमातली बाई नवऱ्याला सोडून आलेली, म्हणून अंगठी मी नंतर कॉम्प्युटरवर पुसली; तेवढंच मी मुलांना सांगितलं. बायको वारली, त्याला आता दीड वर्ष झालं.

मागून एका मुलीने विचारलं, "सर, अंगठीवाला मूळ फोटो दाखवता? फरक बघायचाय."

"नाहीये," मी म्हणालो. "त्याच फाइलवर सेव्ह केलं. जागा अडते, म्हणून आम्ही जुनं ठेवत नाही."

तिने ते वहीत उतरवून घेतलं.