थुटावरचा ठसा

निशा नरोटेला 'ऑस्टरमूर' हा गेम प्रफुलनं दाखवला. दोघं चंद्रपूरला एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. गेममध्ये मेलेल्या जंगलातून कंदील घेऊन एक बाई फिरते, हाडकी जनावरं तिच्या मागे लागतात, आणि हे सगळं कशामुळे झालं ते कुणी सरळ सांगत नाही. थडग्यावरच्या चार ओळी, मोडक्या दारावरचं एखादं चित्र, यातून आपणच गोष्ट जुळवायची. प्रफुलला मारामारी आवडायची. निशा मात्र प्रत्येक भिंतीपाशी थांबायची.

कॉलेज संपल्यावर ती धानोऱ्याला परतली आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागली. प्रफुलनं चंद्रपुरात अशा गेमच्या गोष्टी सांगणारं यूट्यूब चॅनल काढलं. चार-पाच हजार लोक बघायचे. व्हिडिओ टाकण्याआधी तो निशाला फोन करायचा आणि ती त्याच्या चुका काढायची. तिचं नाव कधी आलं नाही, तिनंही कधी मागितलं नाही.

पुढे दुसऱ्याच एका कंपनीचा 'टॅलो क्राउन' आला. त्यात एक मोठं शहर आहे, मधोमध देऊळ, आणि देवळाच्या तुळयांमधून रात्री जनावरं बाहेर पडतात. एका तुळईवर निशाला बारीक ठसा दिसला, गोलात तीन रेघा. असाच ठसा तिनं 'ऑस्टरमूर'च्या जंगलात बघितला होता, तोडलेल्या झाडांच्या, जमिनीत उरलेल्या थुटांवर.

दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. पण निशाचे वडील, झाडू नरोटे, आलापल्लीच्या लाकूड डेपोत तीस वर्षं मजूर होते. झाड तोडलं की थुटावर आणि ओंडक्यावर एकाच हातोड्याचा ठसा मारायचा, म्हणजे लाकूड कुठल्या जंगलातलं ते पुढे कळतं. हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं प्रफुलला सांगितलं की दोन्ही गेमचं जग एकच आहे. हे जंगल तोडून ते शहर बांधलं, आणि जंगलातली जनावरं लाकडाबरोबर तिथे गेली.

पुढच्या रविवारी प्रफुल मोटारसायकलनं धानोऱ्याला आला. निशाच्या आईनं, सुकरीबाईनं, कोंबडी केली. झाडूभाऊंनी अंगणात कोळशानं ओंडक्याचं चित्र काढून, ठसा कुठे मारतात, किती जोरानं मारतात, ते तासभर समजावलं. इतकं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. प्रफुलनं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि जाताना म्हणाला, "काकाजी, तुमचा आवाज टाकतो मी व्हिडिओत."

महिन्याभरानं व्हिडिओ आला. निशानं क्लासमध्ये दुपारच्या सुट्टीत तो पाहिला. झाडूभाऊंचा आवाज त्यात नव्हता. निशाचं नावही नव्हतं. हे आपल्या लक्षात कसं आलं ते प्रफुल सांगत होता. त्याचे आजोबा म्हणे आलापल्लीच्या डेपोत होते आणि लहानपणी ते त्याला ओंडके दाखवायला न्यायचे.

व्हिडिओत खाली बोलण्याचं इंग्रजी भाषांतर दिसत होतं, त्यामुळे तो परदेशातही पसरला. दहा दिवसांत नऊ लाख लोकांनी पाहिला. पुण्याच्या एका कार्यक्रमाचं प्रफुलला बोलावणं आलं.

निशानं फोन केला. "तुझ्या आजोबाचं तं वरोऱ्यात कापडाचं दुकान होतं."

"अवो, व्हिडिओले गोष्ट लागते," प्रफुल म्हणाला. "धानोऱ्याची एक पोरगी सांगून राह्यली म्हटलं असतं, तं कोनं पाह्यलं असतं?"

"ते तू मले विचारलं नाई."

त्यावर तो म्हणाला की पुढच्या व्हिडिओत बघू, आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं व्हिडिओखाली चार ओळी लिहिल्या. हा विचार माझा आहे, माहिती माझ्या वडिलांची आहे. लोकांनी पुरावा मागितला. कुणी म्हटलं जळते. कुणी तिचं आदिवासी आडनाव वाचून लिहिलं, जंगलातून थेट आली वाटतं. त्या ओळीखाली प्रफुलनं स्वतः पसंतीचं बदामाचं चिन्ह लावलं होतं.

इकडे झाडूभाऊ चहाच्या टपरीवर आणि आठवडी बाजारात सांगत होते की त्यांच्या हातोड्याची गोष्ट परदेशात गेली. आपला आवाज कधी ऐकायला मिळेल असं ते निशाला विचारायचे. पुढच्या भागात येणार आहे, असं ती सांगायची. दर वेळी खोटं बोलताना तिला प्रफुलपेक्षा स्वतःचाच जास्त राग यायचा.

मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, दोन्ही कंपन्यांनी खुलासा केला. गेमसाठी तयार चित्रं विकणारं इंटरनेटवर एक दुकान असतं. दोघांनीही लाकडाचं एकच चित्र तिथून घेतलं होतं, ठशासकट. जंगल, शहर, जनावरं, कशाचा कशाशी संबंध नव्हता. लोक प्रफुलची टिंगल करू लागले.

आठवड्याच्या आत त्याचा दुसरा व्हिडिओ आला, माफीचा. धानोऱ्याच्या निशा नरोटे नावाच्या मुलीनं मला हे पटवून दिलं, मी भोळेपणानं विश्वास ठेवला, असं तो हात जोडून सांगत होता. आणि मग त्यानं झाडूभाऊंचा आवाज लावला, मागे विनोदी वाजंत्री टाकून.

टपरीवर कुणीतरी तो मोठ्या आवाजात लावला तेव्हा झाडूभाऊ तिथेच बसले होते. आधी ते खूश झाले. मग आजूबाजूचे लोक हसताना दिसले.

घरी येऊन त्यांनी निशाला जवळ बोलावलं. मग त्यांनी विचारलं, "मी खोटं सांगतलो का वो?"

"नाई बाबा. तुमी सांगितलं ते सारं खरं आहे."

"मंग हासून काऊन राह्यले?"

निशानं अंगणात जाऊन प्रफुलला फोन लावला आणि बाबांचा आवाज काढून टाक, एवढंच म्हणाली. तो म्हणाला, रागावू नको, उलट लाइव्हवर ये, आपण दोघं समोरासमोर बोलू, बघायला लोक तुटून पडतील, तुझंही नाव होईल.

"माह्यं नाव तू घेतलं ना," निशा म्हणाली. "आता आवाज काढ."

त्यानं तीन आठवड्यांनी आवाज काढला, तोवर ज्यांना बघायचं होतं त्यांचं बघून झालं होतं. निशानं दोन्ही गेम लॅपटॉपमधून पुसले आणि प्रफुलचा नंबरही. झाडूभाऊ टपरीवर जायचे थांबले. सकाळचा चहा आता सुकरीबाई घरीच करते. डेपोतल्या गोष्टी ते आता काढत नाहीत, आणि निशा विचारत नाही.