मधलं कडवं

केझाया पिमबाईंनी पाचवं कडवं म्हटलं आणि गीत टिपून घेणाऱ्या विनिफ्रेडची पेन्सिल थांबली.

‘दार नका लावू, बायांनो, पोर येईल ओल्या पायी;
चुलीपाशी जागा ठेवा, त्याला थंडी सोसत नाही.’

डॉक्टर ॲन्सेल ताठ होऊन बसले. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातली जुनी कथागीतं गोळा करून त्यांची वर्गवारी लावण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. बुडालेल्या पोराचं हे गीत आजवर ‘अपघात’ या वर्गात पडून होतं. छापील पुस्तकात हे कडवं होतं, पण एकट्या पुस्तकाचा भरवसा कोण धरणार? आता अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडून ते आलं होतं. म्हणजे गीत ‘मेलेला घरी परततो’ या फार जुन्या वर्गातलं. डॉक्टरांनी लगेच दौत उघडली.

विनिफ्रेडला बसवेना. ती खिडकीशी गेली, परत आली. तीस वर्षांपूर्वी, शाळेत शिकवताना, तिनंच एका गाडीवानाकडून हे गीत टिपलं होतं. मधलं कडवं त्याला आठवेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिनं आपल्या पदरचं ठिगळ लावून दिलं. पुस्तकात ते तसंच छापलं गेलं, शाळाशाळांतून मुलं ते गाऊ लागली. आणि ती आपली मूग गिळून बसली.

हे कुणाकडून शिकलात, असं तिनं पिमबाईंना विचारलं.

“आईकडून. माझा भाऊ रूबेन पाटात बुडाला ना, तेव्हापासून ती एवढंच म्हणायची. बाकीचं गाणं तिला म्हणवायचंच नाही.”

गप्प बसावं, तर डॉक्टरांची सगळी वर्गवारी खोटी. बोलावं, तर या बाईच्या आईचं रडणंच हिरावून घेतल्यासारखं. डॉक्टर गीताच्या चिठ्ठीवर नव्या वर्गाचा क्रमांक घालू लागले, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

“थांबा, डॉक्टर. ते कडवं मी रचलंय.”

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत, एवढंच ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले. विनिफ्रेड मान खाली घालून उभी राहिली. आता या बाईचेही बोल ऐकायचे, अशी तिनं मनाची तयारी केली.

पिमबाई उठून तिच्याजवळ आल्या.

“तुम्ही रचलंत, बाई? मग तुमचंही कुणीतरी बुडालं असणार.”

कुणीच बुडालं नव्हतं. पानावर जागा रिकामी होती, एवढंच. हे सांगायला तिनं तोंड उघडलं, पण पिमबाईंनी तोवर तिचा हात दोन्ही हातांत घेतला होता. तो सोडवून घ्यायचा तिला धीर झाला नाही.