चार दिवसांपूर्वी उघडलेला मासा

एकच गोळा वर आला. बोटाच्या पेराएवढा, अंगावर जेवणाच्या काट्याच्या रेघा उठलेला… उकळत्या पाण्यात तो एकदा स्वतःभोवती फिरला आणि बाकीच्यांना तळाशी सोडून तरंगत राहिला. आता हाच का आधी? एका पाकिटातले, एका पिठाचे, एकाच वेळी पाण्यात पडलेले सगळे, आणि याला मेल्याला कसली घाई? तिने झारा हातात धरला आणि दुसरा कोण वर येतोय ते बघत गॅसशी उभी राहिली.

न्योकी म्हणतात यांना. उकडलेला बटाटा आणि मैदा मळून केलेले गोळे, मिठाच्या पाण्यात सोडले की तीन मिनिटांत तयार. गेले कित्येक महिने तिच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी हाच बेत. कधी मटार घालून, कधी पालक. आज किसलेली लिंबाची साल, थोडी मलई, मूठभर शेपू आणि वरून धुरी दिलेला मासा कुस्करून. नवरा म्हणायचा, हल्ली फारच हलकंफुलकं चाललंय तुझं. त्याला वाटायचं, कंटाळा करते. वाटू दे! खरं कारण निराळंच होतं. हे गोळे शिजले की आपण होऊन वर येतात, डोळ्यांना दिसतात. नाक लागत नाही.

कारण नाक उरलंच नव्हतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं सरळ, पण सात महिन्यांपूर्वीची सर्दी जाता जाता वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. घरी येताना ती साबणाच्या दुकानात शिरली होती, एकेक वडी उचलून हुंगत बसली होती — गुलाब, लिंबू, चंदन — आणि सगळं कसं कोरं, भिंतीला नाक लावल्यासारखं. तेव्हा रडू आलं होतं. पण रडता रडता एक विचारही आला होता, की वास गेला तर तो गेला कुठे? साबणाच्या वडीत तर तो असणारच, मग मधल्या मध्ये कुठे अडतो?

घरात मात्र कुणाला पत्ता लागू दिला नाही. कसा देणार? या घरात ती नाकाबाई होती. लग्नानंतर दहाव्या दिवशी तिने गॅसची गळती ओळखली, नवऱ्याला आणि सासऱ्यांना दुपारच्या झोपेतून उठवून बाहेर काढलं. तोवर ती नुसती ड्राय-क्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसणारी मुलगी होती, तिथून पुढे ती घरातली झाली. मग तो रिवाजच पडला. दूध, लोणी, कालची आमटी, काहीही असो, न बोलता तिच्या नाकापुढे धरायचं. ती मान हलवील तर खायचं, नाक मुरडील तर फेकायचं. सात महिने ती नुसत्या अंदाजाने मान हलवत होती. दुकानातही तसंच, डाग हुंगून ओळखायच्या ऐवजी त्यावर भिंग धरून वेळ मारून नेत होती. आणि मागच्या महिन्यात तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सासरे पोट धरून अंथरुणात पडले, दोन दिवस. डॉक्टर म्हणाले, वय झालं. तिने मुकाट्याने मुगाचं पाणी करून दिलं होतं, आणि वाटीकडे न बघता परत आणली होती.

दुसरा गोळा वर आला, मग तिसरा, मग सगळेच. तिने ते निथळून काढले आणि माशाची पुडी उघडली.

मासा चांगला दिसत होता. सोनेरी, तुकतुकीत… पण चार दिवसांपूर्वी नवऱ्याने तो उघडला होता आणि उरलेला अर्धा नुसत्या कागदात गुंडाळून ठेवला होता. की पाच? तिने नाकाशी धरला. काही नाही. पुन्हा धरला, डोळे मिटून. मीठ असेल ना यात? धूर? मलाच कळेना म्हणजे मी आता याला काय म्हणू… चांगला? कुणाच्या भरवशावर?

मागे फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज झाला. सासरे. रोज संध्याकाळी हेच, स्वयंपाक चालू असताना येऊन फ्रिज उघडून उभे राहणार, आत डोकं घालून, काही घेणार नाहीत.

"बाबा, दार लावा हो. सगळी थंडी बाहेर जाते."

"लावतो, लावतो."

तिने हातातल्या माशाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. इतक्या वर्षांत त्यांच्या नाकापुढे कुणी काही धरलं नव्हतं, याचं तिला आत्ताच नवल वाटलं.

"बाबा, जरा याचा वास घेता?"

तिने पुडी पुढे केली. पण ते का म्हणून विचारेनात. त्यांनी खिशातून चष्मा काढला, नीट डोळ्यांवर चढवला.

"वासाला चष्मा कशाला?"

"असू दे गं. सवय." त्यांनी पुडी जवळ घेतली. बराच वेळ घेतला. "चांगला आहे. फळझाडाचं लाकूड वापरलंय. सफरचंद असेल. जरा ओलंच पेटवलंय लेकाच्यांनी. मागून मीठ, आणि त्याच्या मागून… थांब… गोडसर काहीतरी. पण नासल्याचं नाही, धुराचंच आहे ते."

"नक्की ना?"

"नक्की. त्या मलईसारखं नाही."

"कुठली मलई?"

"मागच्या महिन्यातली. तू छान आहे म्हणालीस ती. मी ओतून दिली मोरीत."

"पण मग तुमचं पोट… दोन दिवस तुम्ही…"

"ते आलुबुखार! अख्खी पिशवी खाल्ली एकट्याने. पोराला सांगू नकोस हं, ओरडेल मला."

ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. एक महिना मी हे उरावर घेऊन फिरतेय, आणि हा म्हातारा… "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"त्या दिवशी दूध करपून घरभर वास झाला, आणि तू इथेच बसून शर्टाला बटण लावत होतीस."

म्हणजे थंडीतच, अगदी सुरुवातीला. तिने फ्रिजकडे पाहिलं. रोज संध्याकाळी, आत डोकं घालून… तिला वाटायचं भूक लागते, उगाच लुडबुड करतात. सात महिने तिने मान हलवावी आणि तिच्या मागून त्यांनी एकेक भांडं उघडून बघावं, आणि तिने म्हणावं, थंडी जाते. लाज वाटली तिला. पण ती लाज पुरी व्हायच्या आत दुसरंच काहीतरी वर आलं.

"बाबा, ओल्या लाकडाचा धूर म्हणजे कसा हो नक्की? सुक्याहून वेगळा कसा?"

"असा… घशाला आधी लागतो. नाकाला मागनं." ते विचारात पडले. "कुणी विचारलंच नव्हतं कधी."

तिने मासा कुस्करून गोळ्यांवर घातला. घशाला आधी. मग एक तुकडा तोंडात टाकून ती घशाकडे लक्ष देऊन उभी राहिली. काही होतं का? खरखर होती जराशी… की मनाचे खेळ?

दाराचं कुलूप वाजलं. नवरा जोडे न काढताच थेट आत आला, हातात खरबूज, आणि नेहमीसारखं ते त्याने तिच्या नाकापुढे धरलं. "काय नाकाबाई, पिकलंय?"

सासरे फ्रिजच्या दाराकडे बघत राहिले. एरवी खरबूज पुरतं जवळ यायच्या आधीच तिची मान हललेली असायची. आज हलली नाही. आपण आता काय बोलणार, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि ते ऐकायला तीही थांबली.