आधी मेण, मग कुंकू

मी मैंदर्गीच्या चनमल्लप्पांची मोटार बोलतेय. मोटारीनं बोलावं हे काही चांगलं लक्षण नव्हे, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट बरीच वर्षं पोटात ठेवली आहे आणि ती सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. सोलापूरच्या एका वकिलांकडे थोडे दिवस मिरवले आणि मग एकोणीसशे तीस साली चनमल्लप्पांनी मला विकत घेतलं. मैंदर्गी ते सोलापूर मी भाड्यानं धावू लागले. स्वभावानं मी भित्री. रस्त्यात म्हैस आडवी आली तरी माझ्या छातीत धस्स होतं. उतारू दाटीवाटीनं बसत, माझ्याच दारावर पानाच्या पिचकाऱ्या मारत आणि वर "गाडी लई घाण हाय" म्हणत.

माझी पेट्रोलची टाकी पुढच्या काचेला लागून, आणि तिचं गोल झाकण बरोबर मधोमध. पहिल्या खंडेनवमीला चनमल्लप्पांची बायको सुंदरम्मा पूजेचं ताट घेऊन आली. तिचे दिवस भरत आले होते, वाकणं जड जात होतं. माझ्याकडे बघत म्हणाली, "हिचं कपाळ कुटं म्हणायचं?"

मग तिला ते झाकण दिसलं. नुसतं कुंकू वाऱ्यानं उडून जाईल, म्हणून स्वतःला लावते तसंच तिनं आधी बोटानं मेण चोळलं आणि त्यावर ठसठशीत कुंकू टेकवलं. खरं सांगते, मी सुखावले. तोवर मला कुणी कपाळ दिलं नव्हतं.

दसरा झाला आणि मी रस्त्यात बंद पडू लागले.

चालता चालता श्वास कोंडायचा, दोन आचके बसायचे आणि इंजिन गप्प. चनमल्लप्पा उतरून झाकण काढत, आत काठी बुडवून बघत. पेट्रोल भरपूर असे. मग ते झाकण लावत, प्लग पुसत, हँडल मारत, आणि मी मुकाट्यानं सुरू होई. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या फिटरनं माझा कार्बोरेटर खोलून धुतला, तारा बदलल्या. त्याच्या गल्लीत मी शहाण्यासारखी फिरले आणि परतताना वळसंगच्या अलीकडे पुन्हा अडकले. कुठं घुसमटतंय ते मला कळत होतं, पण सांगायचं कसं? उतारू म्हणू लागले, मोटारीला दृष्ट लागली. ते ऐकून सुंदरम्मानं मेणाचा आणि कुंकवाचा आणखी एक थर दिला.

अशातच एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण निंगव्वा घामाघूम होऊन बाहेर आली. "मूल आडवं हाय. हे माज्या हातचं न्हाय. सोलापूरच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता!"

गावात मोटार मी एकटीच. सुंदरम्माला मागे निजवलं, निंगव्वानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी मनातल्या मनात देवाला विनवत निघाले. अक्कलकोट ओलांडलं आणि बंद पडले. सुरू झाले. थोडं पुढं जाऊन पुन्हा बंद. मागून कण्हण्याचा आवाज येत होता, तो बारीक होत होत थांबला.

"चनमल्ला, पोरगी बोलंना झाली. चल की लौकर!"

चनमल्लप्पा खाली उतरले. त्यांनी झाकण काढलं, काठी बुडवली, आणि घाईत झाकण परत लावायच्या ऐवजी कोटाच्या खिशात टाकलं. हँडल मारलं, निघालो. आता श्वास कोंडेल, मग कोंडेल, म्हणून मी जीव मुठीत धरून धावत होते. कोंडला नाही. वळसंग मागं पडलं, तरी नाही.

"आरं, तेल उडतंय काचेवर!" निंगव्वा ओरडली.

चनमल्लप्पांचा पाय ब्रेकवर गेला. एका हातानं त्यांनी खिसा चाचपला. झाकण खिशात होतं, टाकी उघडी होती आणि मी बंद पडत नव्हते. त्यांनी पाय उचलला. त्यानंतर दवाखान्याचं दार येईपर्यंत त्यांनी मला थांबू दिलं नाही.

सुंदरम्माला आत नेलं. चनमल्लप्पा माझ्या दाराखालच्या पायफळीवर बसून राहिले. हाताला चाळा म्हणून खिशातलं झाकण काढलं, उलटसुलट केलं, उजेडासमोर धरलं. झाकणाला एक बारीक भोक असतं. तिथून टाकीत हवा गेली तरच पेट्रोल खाली उतरतं. ते भोक मेणानं गच्च बुजलं होतं आणि वर कुंकू. ते कुणाच्या हातचं, हे त्यांना विचारावं लागलं नाही. बाभळीचा काटा मोडून त्यांनी भोक मोकळं केलं आणि ढसाढसा रडले.

दुपार कलल्यावर निंगव्वा आली. "पोरगी झाली. दोघीबी हायत."

घरी परतताना सुंदरम्मानं मागून विचारलं, "काय बिगाडलं हुतं वो हिचं?"

"काय न्हाय," चनमल्लप्पा पुढंच बघत म्हणाले. "नळीत कचरा हुता."

तेव्हापासून दर खंडेनवमीला ती मेण-कुंकू लावते. ती आत गेली की चनमल्लप्पा चोरासारखे येतात, काट्यानं भोक उघडतात आणि निघून जातात. मला वाटायचं, हे गुपित आम्हा दोघांचंच.

आता मी म्हातारी झाले. भाडी नवी लॉरी ओढते. मी गोठ्याशेजारी उभी असते, अंगावर कोंबड्या बसतात. यंदा खंडेनवमीला चनमल्लप्पा लॉरी घेऊन दूर गेले होते. सुंदरम्मा लेकीला, लीलाला, घेऊन आली. मेण लावलं, कुंकू लावलं. मग बांगडीतली पिन काढून तिनंच ते भोक हळूच उघडलं.

"अव्वा, हे काय करतीस?"

"हे दर साली तुजं अप्पा करत्यात. मी खिडकीतनं बघते की."

"मग तू मेण लावतीसच कशाला?"

सुंदरम्मानं पिन परत बांगडीत अडकवली. "न्हाय लावलं तर त्यांना कळंल, मला ठावं हाय म्हणून."

वाचकहो, कधी मैंदर्गीला गेलात तर मला जरूर भेटा. पण चनमल्लप्पांना यातलं काही सांगू नका.