हिरासिंगच्या धडावरचं डोकं

मी एक वस्तरा बोलतोय. आत्ताच नाक मुरडू नका. नाक मुरडायचा पहिला मान माझा आहे, कारण माझ्या पात्यानं जे झालं ते आठवलं की मला माझीच किळस येते.

माझा जन्म वसमतचा. साल बत्तीस किंवा तेहतीस असावं. एका लोहारानं जुन्या कानशीच्या पोलादातून मला घडवलं आणि ग्यानबा न्हाव्याच्या हाती दिलं. ग्यानबा वसमतपासून जवळा बाजारापर्यंतची गावं पायी फिरायचा. त्याच्या धोकटीत मी, कात्री, वाटी आणि एक आरसा असायचो. लग्नघरची दाढी मीच केली, सुतकातली डोकी मीच भादरली. माणसांची एक खोड तेव्हाच माझ्या ध्यानात आली. मी गळ्याशी आलो की भलीभली माणसं गप्प बसतात आणि मी खाली उतरलो की लगेच पुन्हा खोटं बोलायला लागतात. ग्यानबा मात्र सरळ माणूस होता. तो मला रोज पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायचा. ते माझे सुखाचे दिवस.

ग्यानबाचा मुलगा सोनाजी. त्याला दाढ्या करायच्या नव्हत्या. तो हैदराबादला गेला, एका फोटोवाल्याकडे चार वर्षं राहिला आणि परत येऊन त्यानं वसमतला फोटोचं दुकान टाकलं. बाप गेल्यावर धोकटीतलं बाकी सगळं त्यानं चुलतभावाला देऊन टाकलं, पण मला ठेवून घेतलं. सहाणेवर घासून घासून माझं पातं केळीच्या सालीसारखं पातळ केलं. फोटोच्या काचेवरचे डाग खरवडायला आणि फोटोतली माणसं कापायला आता मी होतो. आधी डोक्यावरचे केस काढायचो, आता डोकीच काढू लागलो.

तुम्हाला वाटेल, फोटोतलं डोकं कशाला कापायचं? अहो, लोकांना काय काय हवं असतं! कोणाला कोट नसतो, पण फोटोत हवा असतो. सोनाजीकडे एका कोटवाल्याचं छान धड होतं, त्यावर मी निदान चाळीस डोकी बसवली असतील. नवरा परगावी असताना बायकोशेजारी बसवला. मेलेल्या आजोबांना नातवाच्या बारशाला आणून बसवलं. सोनाजीची रीत ठरलेली. डोकं गळ्यावरून कापायचं, कागदाची कड मागून माझ्या पात्यानं तासायची, म्हणजे ती उचलून दिसत नाही. मग खळ लावून चिकटवायचं, सांध्यावर बारीक कुंचला फिरवायचा आणि त्या सगळ्याचा नवा फोटो घ्यायचा.

"बेमालूम!" सोनाजी जिभेनं टक् करून म्हणायचा. हा त्याचा आवडता शब्द. खरं सांगतो, तेव्हा मलाही गंमत वाटायची. लोक खूश होऊन जात होते, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामाचं राज्य, रझाकारांचा धुमाकूळ, गावंच्या गावं पैनगंगा ओलांडून पळत होती. नदीपलीकडे लढणाऱ्या पोरांचे तळ होते. त्यातल्या एका तळावर सोनाजीला बोलावणं आलं आणि तो घाबरत घाबरत गेला. कॅमेऱ्याच्या पेटीत मीही होतो. फोटोला चौघे उभे राहिले. दोघे लांबच्या मुलखातले. तिसरा अमरसिंग, आणि चौथा त्याच्याच शेजारच्या लमाण तांड्यावरचा हिरासिंग. हिरासिंग खांद्यावर बंदूक टाकून उभा होता आणि कमरेला त्यानं भरतकाम केलेला बटवा लटकवला होता. लाल-पिवळा दोरा, आरशांच्या टिकल्या, खाली कवड्यांची झालर.

"तेवढं काढून ठिवा की," सोनाजी म्हणाला. "शिपायाला शोभत न्हाई."

"ऱ्हाऊ द्या," हिरासिंग हसला. "घरवालीनं सा महिने बसून केलंय. बंदूक एक वेळ ठिवतो, हे न्हाई."

म्हणून बटवा फोटोत राहिला. नऊ कवड्या होत्या, त्यातली मधली एक फुटकी.

उन्हाळ्यात हिरासिंग मारला गेला. नदीच्या अलीकडे निरोप घेऊन आला होता, कोणीतरी खबर दिली. कोणी, ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्या दिवसांत रझाकारांच्या पंगती उठत होत्या त्या किसनरावांच्या ओसरीवर. किसनराव म्हणजे जवळा बाजाराकडचे मोठे जमीनदार.

सप्टेंबरात फौजा आल्या आणि चार दिवसांत निजामाचं राज्य संपलं. रस्त्यावर झेंडे लागले. दहाव्या-बाराव्या दिवशी किसनराव सोनाजीच्या दुकानात आले ते डोक्यावर खादीची टोपी घालून! टोपीची घडी अजून मोडली नव्हती. त्यांनी दार लोटून घेतलं आणि तळावरचा फोटो मागितला.

"ह्यात मला बसव," ते म्हणाले.

सोनाजी चाचरला. "राव, तुमी तर तिथं..."

"म्हून तर तुझ्याकडं आलो. व्हतो म्हंल्यावर तुझ्याकडं कशाला येतो?"

सोनाजीनं चौघांकडे बोट फिरवलं. कोणाच्या जागी बसवायचं, ते त्याला कळेना. किसनरावांनी काय उत्तर दिलं ऐका. मी हजारो माणसांच्या तोंडाजवळ राहिलो आहे, पण असं तोंड मी पाहिलं नाही.

"जिता माणूस नको, बोंब मारंल. मेलेला बघ."

सोनाजी हात जोडून म्हणाला, "राव, त्याची बायकू हाय. ह्यो येकच फोटो हाय त्याचा."

"आन् रझाकारांच्या पुढाऱ्याचे फोटो कुणी काढले व्हते रं? खुर्चीवर बसवून, हार घालून? सांगू का समद्यांला?"

ते फोटो सोनाजीनंच काढले होते. हुकूम होता, काढले. पण आता ते कोण ऐकून घेणार? त्यानं पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं.

किसनरावांचा एक जुना फोटो होता, त्यातलं डोकं मी कापलं. गळ्याखालची घडी, गालफडं, मिशीचं टोक, सगळ्यावरून मी फिरलो. मग सोनाजीनं ते तळावरच्या फोटोच्या कागदी प्रतीत हिरासिंगच्या चेहऱ्यावर ठेवून पाहिलं. एक अडचण निघाली. तळावर ऊन उजवीकडून होतं आणि किसनरावांच्या तोंडावर उजेड डावीकडून. सोनाजीनं घटकाभर बसून कुंचल्यानं सावली या गालावरून त्या गालावर नेली. मनातून घाबरला होता, तरी काम सुबकच करत होता. कारागिराची ही खोड मला तेव्हा घाण वाटली. अरे, निदान वाईट तरी कर!

डोकं चिकटवून त्याचा नवा फोटो तयार झाला. किसनरावांनी तो उजेडाला धरून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "आता मूळची काच आण."

काच म्हणजे तळावरचा खरा फोटो, ज्यावरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. किसनरावांनी समोर बसून हिरासिंगचा चेहरा तिच्यावरून खरवडायला लावला. ते काम मी केलं. काचेवरचा मसाला भुशासारखा सुटत होता. कपाळ गेलं, डोळे गेले, हसणारं तोंड गेलं. सोनाजीनं फुंकर मारली आणि तो भुसा जमिनीवर उडाला. किसनराव त्यावर पाय देऊन बाहेर पडले. शी! आजवर मी कोणाच्या गळ्याला ओरखडाही काढला नव्हता.

त्यानंतर चार दिवसांनी मोतीबाई आली. हिरासिंगची बायको. पाठीशी चार महिन्यांची मुलगी बांधलेली. दारातच उभी राहून ती म्हणाली, "दादा, माझ्या मालकाचा फोटू तुमी काढला व्हता म्हनं."

सोनाजी काचा पुसत राहिला, तशी तीच सांगू लागली. हिरासिंगला तांड्यावर आणलं तेव्हा ती बाळंतीण होती. पोरगी तीन दिवसांची. बायांनी तिला खोपटाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. बाहेरच्या बाहेर सगळं उरकलं आणि तिच्या हातात फक्त बटवा आणून दिला.

"मला तोंड बगू दिलं न्हाई," ती म्हणाली. "आता म्या मनात आनाया जाते तर नाक येतं, मिशी येते, पन समदं मिळून तोंड येत न्हाई. उद्या पोरगी इचारंल. येक डाव दावा."

"बाई, काच फुटली," सोनाजी खाली बघून म्हणाला.

"मंग तुकडे द्या. म्या जुळविते."

"फेकले."

ती पाठीवरची पोरगी सावरून निघून गेली. सोनाजी दिवसभर जेवला नाही. पण न जेवल्यानं काय होतं? मला त्याच्या मुठीत राहणं नकोसं झालं होतं.

पुढच्या आठवड्यात जवळा बाजारच्या बाजाराच्या दिवशी मांडव पडला. लढणाऱ्यांचा सत्कार होता. दर्शनी बाजूला तो खोटा फोटो, मोठा करून, झेंडूच्या माळा घालून टांगलेला. व्यासपीठावर किसनराव, त्यांच्या शेजारी हार घातलेला अमरसिंग. फोटो काढायला सोनाजी आलेला आणि त्याच्या खिशात मी. बाजाराला आलेले लोक घोळक्यानं फोटो बघत होते आणि किसनरावांना हात जोडत होते. कालपरवापर्यंत ज्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होते, त्यांनाच.

मोतीबाई बाजाराला आली होती. घोळक्यात शिरून ती फोटोकडे बघत राहिली. तिची नजर कुठे थांबली हे सोनाजीला कळलं. त्यानं गळा जुळवला होता, सावली फिरवली होती, सगळं केलं होतं. कमरेकडे मात्र त्यानं बघितलंच नव्हतं, ना किसनरावांनी बघितलं होतं. लमाण बाईचं भरतकाम ह्या लोकांच्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यांना वाटतं, रंगीत चिंध्या आहेत.

मोतीबाई पुढे झाली आणि मोठ्यानं म्हणाली, "डोस्कं कुणाचंबी असू द्या, कंबर माझ्या मालकाची हाय."

तिनं ओच्यातून बटवा काढून फोटोशेजारी धरला. "मोजा. नऊ कवड्या. मधली फुटकी. ह्यो दोरा म्या वढलाय."

पुढच्या लोकांनी मोजल्या. मी त्यांची तोंडं पाहिली, त्यांना बरोबर कळलं होतं. किसनराव हसून म्हणाले, "नवरा गेल्यापून डोस्क्यावर परिनाम झालाय बिचारीच्या. असले बटवे तांड्यावर शंभर हायेत."

"अमरसिंगदादा," ती वर बघून म्हणाली, "तुमी शेजारी उबे व्हते. तुमी सांगा."

अमरसिंगनं गळ्यातला हार सारखा केला. मग पुन्हा केला. सगळा बाजार त्याच्याकडे बघत होता.

"त्या दिशी ऊन लई व्हतं," तो म्हणाला. "ध्यानात न्हाई."

एवढंच. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि भाषणं सुरू झाली. कवड्या मोजणारेही टाळ्या वाजवत होते. किसनरावांची मला चीड येते, पण ओकारी येते ती त्या टाळ्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीबाई पुन्हा दुकानात आली. तिनं शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. "दादा," ती म्हणाली, "माझा मानूस तुमी कुटं ठिवला?"

सोनाजी उठला आणि त्यानं ट्रंकेच्या तळातून कापडात गुंडाळलेला एक फोटो काढला. ज्यावर किसनरावांचं डोकं चिकटवलं होतं, तोच मूळ कागदी फोटो. तो जाळून टाक असं किसनरावांनी बजावलं होतं, पण इतकं सफाईचं काम जाळायला सोनाजीचं मन झालं नव्हतं. त्याच्या त्या घाणेरड्या हौसेनंच हिरासिंग वाचला होता. किसनरावांच्या डोक्याखाली तो अजून तसाच होता.

सोनाजीनं परातीत पाणी घेतलं आणि फोटो बुडवला. खळ मऊ झाल्यावर मला कडेखाली सरकवलं. मी आयुष्यात इतका हळू कधी चाललो नाही. हनुवटी सुटली, गाल सुटला, मिशी सुटली. किसनरावांचं डोकं पाण्यात उलटं तरंगू लागलं. त्याच्या पाठीला हिरासिंगचा डावा कान चिकटून आला होता. तेवढा मी वाचवू शकलो नाही.

बाकी सगळा चेहरा होता. ओला, कपाळावर खळीचे डाग, पण हसणारा. मोतीबाईनं पदरानं डाग टिपले आणि खूप वेळ बघत बसली. मग पाठीवरची पोरगी सोडून मांडीवर घेतली आणि तिचं तोंड फोटोकडे वळवलं.

"बग," ती म्हणाली. "बा."

पोरगी हात आपटून हसली आणि पाण्यात तरंगणारं डोकं पकडायला गेली. मोतीबाईनं झटकन तिचा हात मागे ओढला.

जाताना फोटो तिनं छातीशी धरला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ते बी द्या. पुना कुनाचं डोस्कं नको कापाया." सोनाजीनं मला मुकाट्यानं तिच्या हातात ठेवलं.

आता मी तांड्यावर तिच्या खोपटाच्या कुडात खोचलेला आहे. मोतीबाई रोज माझ्यासमोर भरतकाम करते, पण दोरा तोडायला मला कधी घेत नाही. दातानं तोडते. जवळा बाजारला तो खोटा फोटो अजून टांगलेला आहे आणि त्याला अजून हार पडतात, असं बाजार करून आलेले लोक सांगतात. वाचकहो, माझी काही दया करू नका. फक्त मला कोणी धार लावायला आलं, तर त्याचा हात धरा. माझ्यावर गंज चढू लागला आहे. तो चढू द्या.