दारांखालची चटई

मित्रांनो, मी प्रोजेक्टर आहे, आणि चांगला जुना आहे. भिंतीवर हलती चित्रं पाडणं हे माझं काम. मला बोलता येत नाही, फक्त उजेड टाकता येतो. याचं वाईट मला आयुष्यात एकदाच वाटलं, पण तेव्हा ते इतकं वाटलं की आजही आठवण आली तरी माझा पंखा चुकल्यासारखा फिरतो.

कारखान्यात माझ्या भिंगावर एका बाईंनी हळूच फुंकर मारली आणि मऊ फडकं फिरवलं, ही माझी पहिली आठवण. तिथून मी एका कॉलेजात गेलो. बेडकाचं हृदय, ज्वालामुखी, समुद्राचा तळ असं काय काय मी मुलांना दाखवलं! विज्ञानाचे सर वर्गात आले की आधी माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय महाराज, तब्येत बरी आहे ना?" मुलं हसायची आणि मला उगाचच ऐट यायची.

मग भिंतींवर मोठे पडदे लागले, ते स्वतःच उजळायचे. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या बाकांच्या ढिगात मी पडून राहिलो. कुलूप वाजलं की वाटायचं, आला भंगारवाला, आता माझे तुकडे होणार!

पण एके दिवशी आली ती एक चित्रकार. तिला सगळे ताई म्हणत. तिनं मला चालू केलं, भिंतीवर पडलेला उजेड पाहिला आणि म्हणाली, "नव्यांचा उजेड डोळ्यांत खुपतो. याचा कसा ऊन उतरल्यासारखा आहे. हाच हवा मला."

ताईचं बालपण भाड्याच्या घरांत गेलं होतं. वडील नव्हते. आई आणि ती, दोघीच. घरमालकानं सांगितलं की बोचकी बांधायची आणि दुसरं घर शोधायचं. त्या घरांपैकी जी पाडली गेली, त्यांची दारं ताईनं मिळवली आणि एकमेकांत अडकवून त्यांचं एक मोठं शिल्प केलं. प्रदर्शनाच्या दालनात ते छतापासून एका पोलादी तारेनं टांगलं. खाली चटई अंथरली. लोकांनी चटईवर आडवं व्हायचं आणि वर लटकणारी दारं बघायची.

समोरच्या भिंतीवर मी ताईच्या आईचं चित्र पाडायचो, अगदी तिच्या उंचीएवढं. चित्रातली आई हात उचलायची आणि दारावर थाप द्यायची. पण ते दार चित्रात नव्हतंच! टांगलेल्या दारांची सावली माझ्या उजेडातून भिंतीवर पडे आणि आईची बोटं बरोबर त्या सावलीच्या काठाशी पोचत. टक टक, टक टक असा आवाज दालनात घुमायचा.

पहिल्या दिवशी खरी आई आली होती. ती स्वतःच्या चित्राशेजारी खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि लाजून म्हणाली, "अगं, एवढी घरं मागत फिरले, तरी हात कसा भरून आला नाही माझा!" सगळे हसले. ताईनं मात्र डोळे पुसले.

माझी जागा छताजवळच्या पट्टीवर होती. तार धरून ठेवणारा लोखंडी चिमटा तिथून मला अगदी जवळ दिसे. काही दिवसांनी एक बारीकसा आवाज आला. टिक. चिमट्यातून तार केसभर सरकली होती. थोड्या वेळानं पुन्हा टिक. खाली थापांचा आवाज चालूच होता, त्यामुळे कुणाला काही ऐकू गेलं नाही. चटईवर एक म्हातारं जोडपं हातात हात घेऊन पडलं होतं.

मला घाम फुटत नाही, पण माझं अंग तापलं. ओरडावं कसं? एकच आशा होती. दारं खाली येत होती, तशी त्यांची सावलीही उतरत होती. लवकरच ती आईच्या बोटांवर चढली आणि थाप देणारा हात दिसेनासा झाला. आता तरी ताईच्या लक्षात येईल!

ताईच्या लक्षात आलं. तिनं वायरमनदादाला बोलावलं. "दादा, चित्र वर सरकलंय बघा."

"जुनं मशीन आहे ताई, मान ढिली झाली असेल," असं म्हणून दादानं शिडी लावली, माझी मान खाली वाकवली आणि स्क्रू आवळले. चित्र खाली आलं. आईचा हात पुन्हा दिसू लागला.

मित्रांनो, माझ्याजवळ धोक्याची एकच खूण होती. तीही माझ्याच हातून पुसली गेली. त्यानंतर प्रत्येक टिक ऐकताना वाटायचं, आता! आता! दिवा उडावा आणि दालन बंद व्हावं असं मी मनापासून मागितलं. पण दिवा काही उडाला नाही.

आणि मग शाळेचा वर्ग आला. बाईंनी सांगायचा अवकाश, मुलं धावत जाऊन चटईवर दाटीवाटीनं आडवी झाली. कुणी दारं मोजत होतं, कुणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होतं. वर चिमट्यातून तार सरकत होती. त्या दिवशी ताईची आईही आली होती. ती हसत चित्राशेजारी उभी राहिली आणि वाकून चित्राची पावलं बघू लागली.

"मी एवढी बुटकी कधी झाले गं? पावलं तर भिंत सोडून फरशीवर आलीत."

"मशीन ढिलं झालं होतं, आई. चित्र खाली घेतलं."

"का घेतलंस?"

"सावली तुझ्या हातावर येत होती."

"अगं, मग दारं खाली आली असतील!"

ताईनं वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती किंचाळणार होती, पण आईनं तिचा दंड घट्ट दाबला आणि मोठ्यानं हाक मारली, "बाळांनो, ही चित्रातली बाई खरी बघायचीय ना? मग पळा इकडे, भिंतीशी! शेवटी येईल त्याच्यावर राज्य!"

मुलं उठून धावली. एक मुलगी मात्र बूट शोधत चटईवर बसून राहिली. ताई वाकून आत शिरली आणि तिला उचलून तशीच मागे पळाली. त्याच क्षणी चिमट्यातून तार निसटली आणि दारं चटईवर कोसळली.

तो आवाज मी सांगू शकत नाही. धूळ उडाली. मुलं रडू लागली. बाई डोकी मोजत होत्या, चुकत होत्या, पुन्हा मोजत होत्या. सगळी होती. ताई मुलीला पोटाशी धरून फरशीवर बसली होती. मुलगी म्हणत होती, "माझा एक बूट राहिला."

आता ती दारं जमिनीवर मांडून दाखवतात. माणसं त्यांच्यामधून चालत जातात. मी मात्र अजून वरच असतो, आता दुसऱ्या दालनात, तुमच्या डोक्यांवर, चार स्क्रूंच्या भरवशावर. त्यातला एक कधी हलल्यासारखा वाटतो आणि मी जीव मुठीत धरून खाली बघतो. तिथे तुम्हीच उभे असता. म्हणून विनवतो, मित्रांनो, जुन्या यंत्राचं काही बिघडलेलं दिसलं तर नुसती त्याची मान वाकवू नका. ते काय दाखवतंय तेही बघा. आणि माझ्याखाली उभं राहण्याआधी एकदा कुणाला तरी विचारा, "हा वरचा नीट बसवलाय ना?"